नेटवर्क व्यवस्थापनाचे संशोधन : जे आहे ते आणि जे असायला हवे ते

संगणकांची आणि दूरसंचाराची जाळी उभारणे हे एक काम, आणि उभी राहिलेली जाळी रात्रंदिवस चालती ठेवणे हे दुसरे. पहिल्या कामातून पॅकेट-स्विचिंग, राउटिंग, गर्दी-नियंत्रण अशी संशोधनाची नामवंत दालने तयार झाली. दुसऱ्याला नेटवर्क व्यवस्थापन हे नाव मिळाले, १९८८-८९ पासून त्याच्या स्वतंत्र परिषदा भरू लागल्या, पुढे नियतकालिकेही निघाली. तरी संगणकशास्त्राच्या पंगतीत या विषयाला बरीच वर्षे कडेचेच पान मिळाले. याचे एक कारण विषयाच्या स्वरूपातच आहे. राउटिंगच्या पद्धतीचे गुणदोष कागदावर सिद्ध करता येतात; व्यवस्थापनाच्या पद्धतीचे गुणदोष मात्र ती वापरणाऱ्या माणसांच्या हातून वर्षभरात किती चुका झाल्या किंवा टळल्या यावरून ठरतात, आणि ती नोंद सहसा कोणी बाहेर देत नाही.

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने (आयएसओ) १९८९ च्या आपल्या चौकटीत व्यवस्थापनाचे पाच भाग सांगितले : बिघाड, कॉन्फिगरेशन म्हणजे उपकरणांची मांडणी, वापराचा हिशेब, कामगिरी आणि सुरक्षा. ही विभागणी पाठ्यपुस्तकांत आजही टिकून आहे आणि कार्यालयातील कामाच्या वाटणीसाठी ती सोयीचीही आहे. परंतु संशोधनाचे मूल्यमापन करायला ती फारशी उपयोगी पडत नाही, कारण हे पाचही भाग एकाच प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. तो प्रश्न असा : नेटवर्कची प्रत्यक्ष स्थिती आणि त्याची अपेक्षित स्थिती यांत अंतर आहे काय, आणि असल्यास ते कोणी, कसे मिटवावे? प्रत्यक्ष स्थिती मोजण्याच्या साधनांवर या क्षेत्राने अमाप कष्ट घेतले. अपेक्षित स्थिती मात्र दीर्घकाळ कोठेच लिहिलेली नव्हती. ती काही अनुभवी प्रशासकांच्या डोक्यात, काही जुन्या ईमेलमध्ये आणि उरलेली राउटरांच्या कॉन्फिगरेशनमध्येच विखुरलेली असे. गेल्या चार दशकांतील प्रमुख विचारधारांकडे या कसोटीने पाहिले की कोणत्या टिकल्या आणि कोणत्या ओसरल्या, याचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

इंटरनेटच्या जगात या विषयाला ठोस आकार आला तो एसएनएमपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोटोकॉलमुळे. या नावातच साधेपणाची ग्वाही आहे. १९८८ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळाने, म्हणजे पुढच्या स्थापत्य मंडळाने, दुहेरी धोरण जाहीर केले होते : तातडीची गरज भागवण्यासाठी साधा एसएनएमपी वापरावा आणि पुढे यथावकाश आयएसओच्या घराण्यातील सीएमआयपी या अधिक समर्थ पण अवजड पद्धतीकडे वळावे. प्रत्यक्षात तात्पुरती म्हणून आणलेली व्यवस्थाच कायमची झाली आणि सीएमआयपी दूरसंचार कंपन्यांच्या काही कप्प्यांपुरती राहिली. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन यांनी रचलेल्या एसएनएमपीची कल्पना अगदी मोजकी आहे. प्रत्येक उपकरणात एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला एजंट म्हणतात. उपकरणाची माहिती एका ठरावीक वृक्षरचनेत क्रमांक देऊन ठेवलेली असते, तिला एमआयबी म्हणतात. आणि मध्यवर्ती यंत्र ठरावीक अंतराने एजंटला त्यातील एकेका चलाचे मूल्य विचारत राहते. बुद्धी केंद्रात आणि उपकरणावर कमीत कमी भार, असा हा सौदा होता, आणि १९८८ च्या राउटरांची ताकद पाहता तो शहाणपणाचाही होता.

पण मोजमाप म्हटले तरी ते किती निसरडे असते, हे या वृक्षातल्या एका साध्या चलावरून दिसते. राउटरच्या एखाद्या जोडणीतून किती बाइट आत आले, हे दाखवणारा मोजक मूळ रचनेत ३२ बिटांचा होता, म्हणजे सुमारे ४२९ कोटींपर्यंत गेला की तो पुन्हा शून्यापासून सुरू होई. दर सेकंदाला १ कोटी बिटांच्या जोडणीवर असा फेरा पूर्ण व्हायला सुमारे ५७ मिनिटे लागत, त्यामुळे दर पाच मिनिटांनी विचारणा करणाऱ्या केंद्राचे काहीच बिघडत नसे. जोडणीचा वेग शंभरपटीने वाढून सेकंदाला १०० कोटी बिटांवर गेला तेव्हा तोच फेरा सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण होऊ लागला, आणि पाच मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन आकड्यांतील फरकाला काहीच अर्थ उरला नाही. उपाय सोपा होता, मोजक ६४ बिटांचा करणे, आणि तो झालाही. मात्र पहिल्या आवृत्तीत त्याला जागाच नव्हती, नवी आवृत्ती यावी लागली. सुरक्षेची कथा याहून लांबली. पहिल्या आवृत्तीत ओळखीचा परवलीचा शब्द उघडपणे तारेवरून जात असे, म्हणून अनेक प्रशासक या प्रोटोकॉलने माहिती वाचत, पण उपकरणात बदल करण्याची मुभा त्याला देत नसत. सुरक्षित तिसरी आवृत्ती पूर्ण मानक म्हणून मान्य व्हायला २००२ साल उजाडले, आणि तोवर ही सवय पक्की झाली होती.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतील रेस्टन येथे स्थापत्य मंडळाने एक कार्यशाळा भरवली. या क्षेत्राच्या इतिहासात तिला विशेष मान द्यावा लागतो, आणि तोही तिथे कोणता शोध मांडला गेला म्हणून नव्हे, तर तिथे नेटवर्क चालवणाऱ्या माणसांना तुम्हाला काय हवे आहे हे सरळ विचारले गेले म्हणून. उत्तरे मानके लिहिणाऱ्यांना फारशी सुखावह नव्हती. एसएनएमपी निगराणीसाठी वापरतो, कॉन्फिगरेशनसाठी नाही, असे चालकांनी सांगितले. राउटरवर लॉगिन करून आज्ञा टंकणे आणि त्या आज्ञा स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टांतून पाठवणे हीच खरी पद्धत असल्याचे समोर आले. कॉन्फिगरेशन, चालू स्थिती आणि आकडेवारी या तीन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवाव्यात; कॉन्फिगरेशन साध्या मजकुराच्या रूपात मिळावे, म्हणजे कालचे आणि आजचे शेजारी ठेवून तुलना करता येईल; एकेका उपकरणाचा नव्हे तर पूर्ण नेटवर्कचा विचार करता यावा; आणि अनेक उपकरणांतील बदल एकतर सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या. यांतील एकही मागणी गहन नाही. चौदा वर्षे हजारो चले परिभाषित करत बसलेल्या समुदायाला त्या आधी ऐकू आल्या नाहीत, हेच नोंदवण्यासारखे आहे.

या मागण्यांतून नेटकॉन्फ हा प्रोटोकॉल २००६ मध्ये आणि त्याच्यासाठी माहितीचे नमुने लिहिण्याची यांग ही भाषा २०१० मध्ये आली. यांगमध्ये प्रत्येक घटकाबाबत तो माणसाने ठरवायचा आहे की उपकरणाने कळवायचा आहे, हे नमुन्यातच ठरलेले असते. म्हणजे प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतील भेद या भाषेच्या व्याकरणातच आला. नेटकॉन्फमधील एक सोय विशेष पाहण्यासारखी आहे. प्रशासकाने केलेला बदल लागू होतो, पण ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः दहा मिनिटांत, त्याने तो पक्का केल्याचे कळवले नाही तर उपकरण आपणहून जुन्या मांडणीवर परत जाते. दूरच्या राउटरवर चुकीची आज्ञा देऊन स्वतःचाच संपर्क तोडून घेण्याचा अनुभव ज्या व्यवसायात सर्वांना परिचित आहे, तिथून ही सोय आली आहे आणि बऱ्याच भव्य सिद्धांतांपेक्षा तिने अधिक रात्री वाचवल्या असतील.

मधल्या काळात विद्यापीठांतील संशोधन वेगळ्याच दिशेने धावत होते. केंद्राने सतत विचारत राहण्याऐवजी छोटे प्रोग्रामच उपकरणाकडे पाठवावेत आणि निर्णय तिथल्या तिथे व्हावा, असा विचार कोलंबिया विद्यापीठात येमिनी आणि गोल्डश्मिट यांनी १९९१ च्या सुमारास मांडला. त्यापाठोपाठ एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरणारे एजंट आले, आणि पॅकेटासोबतच त्याच्यावर प्रक्रिया करणारा कोड पाठवण्याची सक्रिय नेटवर्कची कल्पनाही आली. परक्याचा कोड आपल्या राउटरवर चालवू देण्यास एकही कंपनी राजी नव्हती, त्यामुळे यातील बहुतेक काम प्रयोगशाळेबाहेर पडले नाही. बुद्धी कोठे ठेवावी, केंद्रात की कडेला, हा वाद त्या दशकात फार रंगला. पण ती बुद्धी नेमके काय साध्य करण्यासाठी वापरायची, याबद्दल दोन्ही पक्ष सारखेच मोघम होते.

धोरणाधारित व्यवस्थापनाची शाखा याला अपवाद ठरते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये मॉरिस स्लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोरण ही स्वतंत्रपणे लिहिण्याची, तपासण्याची आणि बदलण्याची वस्तू मानली. कोणाला काय करण्याची मुभा आहे आणि कोणती घटना घडल्यावर काय करणे बंधनकारक आहे, हे लिहिण्यासाठी त्यांनी २००१ मध्ये पाँडर ही भाषा प्रसिद्ध केली. दोन धोरणे एकमेकांविरुद्ध गेली तर काय, हा प्रश्नही त्यांनी गांभीर्याने घेतला : रात्री राखीव प्रत घेणे बंधनकारक आहे असे एक धोरण म्हणते आणि त्याच यंत्राला बाहेर जोडणी करण्यास दुसरे मनाई करते, अशा वेळी प्राधान्य कोणाला, याचे शास्त्र त्यांनी रचले. या शाखेची मर्यादा दुसऱ्या टोकाला होती. वर लिहिलेले धोरण खाली वेगवेगळ्या कंपन्यांच्या शेकडो उपकरणांच्या आज्ञांत कसे उतरायचे, याचे विश्वसनीय उत्तर तिच्याकडे नव्हते. त्याच सुमारास आयबीएमने मांडलेल्या स्वयंशासित संगणनाच्या संकल्पनेने, म्हणजे यंत्रणेने स्वतःच निरीक्षण, विश्लेषण, नियोजन आणि कृती असे चक्र चालवावे या विचाराने, परिषदांना बरीच वर्षे विषय पुरवले. चक्राची आकृती सर्वांनी काढली. तिच्या मध्यभागी जे ज्ञान असायला हवे, त्या चौकोनात काय भरायचे हे मात्र बहुतेक लेखांत अध्याहृतच राहिले.

खरी कलाटणी मिळाली ती राउटिंग आणि व्यवस्थापन यांमधील भिंतच पाडावी, असे म्हणणाऱ्यांकडून. ग्रीनबर्ग, मॉल्ट्झ, रेक्सफर्ड आणि इतरांनी २००५ मध्ये मांडलेल्या फोर-डी आराखड्याचे म्हणणे असे होते की मार्ग ठरवण्याचे काम राउटरांतून काढून घ्यावे आणि पूर्ण नेटवर्कचे चित्र ज्याला दिसते अशा एका निर्णय-स्तराकडे सोपवावे. २००७ मध्ये स्टॅनफर्डमधील इथेन या प्रयोगाने हे विद्यापीठाच्या खऱ्या नेटवर्कवर चालवून दाखवले, २००८ मध्ये बाहेरच्या नियंत्रकाकडून स्विचांना आज्ञा देणारा ओपनफ्लो हा प्रोटोकॉल आला, आणि या विचाराला सॉफ्टवेअर-नियंत्रित नेटवर्क हे नाव रूढ झाले. गुगलने आपल्या माहिती-केंद्रांना जोडणाऱ्या बी-फोर या जागतिक नेटवर्कचा वृत्तांत २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार त्यातील अनेक जोडण्या जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालत आणि सर्व जोडण्यांचा दीर्घकालीन सरासरी वापर सुमारे ७० टक्के होता; मोठ्या अंतराच्या जोडण्या बिघाडाच्या भीतीने बऱ्याचशा रिकाम्या ठेवण्याची रीत असलेल्या व्यवसायात ही फारच मोठी मजल होती. मात्र हे यश वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या नेटवर्कचा मालक एक, त्यावरील ट्रॅफिक पाठवणाराही तोच, आणि कोणते काम थांबले तरी चालेल हे ठरवणाराही तोच. जिथे ग्राहक परके, उपकरणे जुनी आणि करार वेगवेगळे, तिथे हाच मार्ग इतका सुकर नाही, आणि ओपनफ्लो हा प्रोटोकॉल म्हणून जितका पसरेल असे वाटले होते तितका पसरलाही नाही. टिकला तो त्यामागचा विचार : नेटवर्कची अपेक्षित स्थिती एका ठिकाणी, सलग आणि यंत्राला वाचता येईल अशी असू शकते.

त्या विचारातून जे उगवले ते या क्षेत्राचे सर्वांत कसदार पीक मानावे लागेल. हे काम पडताळणीचे आहे, म्हणजे नेटवर्क सुरू होण्याआधीच किंवा चालू असताना त्याच्या मांडणीवरून ते कसे वागेल हे गणिताने सिद्ध करण्याचे. फीमस्टर आणि बालकृष्णन यांनी २००५ मध्ये १७ स्वायत्त नेटवर्कांच्या बीजीपी कॉन्फिगरेशनचे स्थिर विश्लेषण केले तेव्हा त्यांना हजाराहून अधिक दोष सापडले. बीजीपी म्हणजे इंटरनेटवरील वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कांना एकमेकांचे मार्ग कळवणारा प्रोटोकॉल. त्यातील दोष केवळ मालकाला नव्हे, शेजाऱ्यांनाही भोवतो. २०११ मध्ये अँटइटर या साधनाने इलिनॉय विद्यापीठाच्या चालू नेटवर्कमध्ये २३ दोष दाखवले, आणि ते नेटवर्क नीट चालत असल्याचीच सर्वांची समजूत होती. २०१२ मध्ये काझेमियान, मुंबईच्या आयआयटीतून शिकलेले जॉर्ज वर्गीस आणि मॅककिओन यांनी याला देखणे भौमितिक रूप दिले. पॅकेटाचे शीर्ष ही शून्य-एकांची एक लांब ओळ. ती ओळ म्हणजे बहुमितीय अवकाशातील एक बिंदू. आणि प्रत्येक राउटर किंवा फायरवॉल म्हणजे त्या अवकाशाच्या एका भागाला दुसऱ्या भागात नेणारे फलन. एकेक पॅकेट पाठवून पाहण्याची मग गरज राहत नाही. संभाव्य पॅकेटांचा संपूर्ण समूहच या फलनांतून नेता येतो आणि तो फिरून त्याच जागी आला तर तिथे चक्र आहे हे सिद्ध होते. स्टॅनफर्डच्या मुख्य नेटवर्कमधील सर्व चक्रे या पद्धतीने दहा मिनिटांच्या आत सापडली. पुढे बॅटफिश आणि तत्सम साधनांनी प्रत्यक्ष पुढे-पाठवणीच्या तक्त्यांऐवजी कॉन्फिगरेशनच्या मजकुरापासूनच सुरुवात केली, त्यामुळे बदल लागू करण्याआधी त्याची परीक्षा घेता येऊ लागली.

पडताळणीने जुना प्रश्न सोडवला नाही, तो चव्हाट्यावर आणला. काही दोष स्वयंसिद्ध असतात. पॅकेट गोल फिरत राहावे असे कोणीच इच्छित नाही. पण लेखा विभागाच्या यंत्रांपर्यंत पाहुण्यांच्या वायफायवरून पोहोचता येते, हा दोष आहे की कोणाच्या तरी विनंतीवरून ठेवलेली सवलत, हे गणित सांगू शकत नाही. साधनाला विचारायला काहीतरी अपेक्षा हवी, आणि ती लिहिलेली नसते. २०२० मध्ये झुरिचच्या गटाने तर असलेल्या कॉन्फिगरेशनवरूनच अपेक्षांची यादी खणून काढण्याचे साधन सादर केले. चतुराई निर्विवाद, तरी जे आहे त्यावरून जे असायला हवे ते ठरवले, तर आधीपासूनची चूकही अपेक्षा म्हणून नोंदली जाण्याचा धोका राहतोच, आणि ती यादी कोणीतरी माणसाने बसून वाचावीच लागते.

हाच आक्षेप यंत्र-शिक्षणावर आधारलेल्या प्रचंड वाङ्मयाला अधिक तीव्रतेने लागू पडतो. तिथे नेहमीचे म्हणजे योग्य आणि अनोखे म्हणजे सदोष, असे समीकरण मुकाट्याने धरलेले असते. लखिना, क्रोव्हेला आणि डियो यांनी २००४ मध्ये ट्रॅफिकच्या अनेक प्रवाहांतील नेहमीचा आकृतिबंध संख्याशास्त्राने वेगळा काढून उरलेल्या भागात विसंगती शोधण्याची पद्धत दिली, आणि तिचे पुष्कळ अनुकरण झाले. तीनच वर्षांनी दुसऱ्या एका गटाने दाखवले की ही पद्धत तिच्या मापदंडांतील किरकोळ फरकांना अतिशय संवेदनशील आहे आणि मोठी विसंगती असली तर ती नेहमीच्या आकृतिबंधालाच दूषित करून स्वतः लपून राहू शकते. मूल्यमापनाची स्थिती तर त्याहून चिंताजनक राहिली. घुसखोरी ओळखण्याच्या असंख्य प्रबंधांचा आधार असलेला केडीडी-९९ हा संच १९९८ च्या एका कृत्रिम प्रयोगातून तयार झाला होता. २००९ मधील तपासणीत त्यातील शिकवणीच्या सुमारे ७८ टक्के आणि परीक्षेच्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त असल्याचे दिसले. त्यानंतरही त्याच संचावर ९९ टक्के अचूकतेचे दावे करणारे लेख येत राहिले, आणि त्यांत भारतीय विद्यापीठांतून आलेल्या लेखांचा वाटा लहान नाही. सॉमर आणि पॅक्सन यांनी २०१० मध्ये याचे मर्म सांगितले होते : नेटवर्कवरील ट्रॅफिक मुळातच इतका चंचल असतो की अनोखेपण ही तिथली रोजची गोष्ट आहे, आणि प्रत्येक चुकीचा इशारा तपासण्यात माणसाचा वेळ जातो. भाषा-प्रतिमानांकडून राउटरची मांडणी लिहून घेण्याचे जे प्रयोग २०२३ पासून होत आहेत, त्यांतील वर्गीस यांच्या गटाचे काम त्यामुळेच आश्वासक वाटते. तिथे प्रतिमानाच्या उत्तरावर विश्वास न ठेवता ते पडताळणीच्या साधनाकडे पाठवले जाते आणि सापडलेला दोष प्रतिमानाला परत कळवला जातो.

एका प्रश्नाकडे मात्र या सर्व विचारधारांनी आश्चर्यकारक दुर्लक्ष केले आहे. व्यवस्थापनाचे संदेश ज्या वाटेने जातात ती वाट बहुधा व्यवस्थापित नेटवर्कमधूनच जाते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट काही तास बंद पडले, ते सदोष स्मृतीमुळे एका यंत्राच्या सूचनेचा अनुक्रमांक बिघडून ८, ४० आणि ४४ अशा तीन रूपांत फिरू लागल्यामुळे. सहा बिटांच्या चक्राकार मोजणीत ४० हा ८ नंतरचा, ४४ हा ४० नंतरचा आणि ८ हा पुन्हा ४४ नंतरचा ठरत होता, म्हणून प्रत्येक यंत्र प्रत्येक सूचनेला नवी समजून पुढे पाठवत राहिले आणि इतर कामांना उसंत उरली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या अंतर्गत नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी दिलेल्या एका आज्ञेने सर्व जोडण्या तोडल्या. अशी आज्ञा अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणी-साधनात दोष होता, नावांचे पत्ते सांगणारी यंत्रे इंटरनेटवरून नाहीशी झाली, आणि दुरुस्तीची आतली साधनेही त्याच नेटवर्कवर विसंबून असल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष माहिती-केंद्रांत जावे लागले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीच्या १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. एका राउटरवरील गाळणी काढल्यामुळे मार्गांच्या माहितीचा लोंढा मुख्य राउटरांवर आला होता. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे या टप्प्याची जोखीम कमी मानली गेली होती, आणि व्यवस्थापनाचे नेटवर्कही सोबतच कोसळल्याने मूळ कारण सापडायला सुमारे १४ तास लागले.

पडताळणीची आजची साधने राउटरांच्या कॉन्फिगरेशनचे वाचन करतात. पण ज्या अवलंबनांनी या घटना चिघळल्या ती कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेली नव्हतीच. अभियंत्याच्या फोनमधले सिमकार्ड त्याच कंपनीचे असते, लॉगिनसाठी लागणारा ओळखीचा सर्व्हर त्याच नेटवर्कच्या पलीकडे असतो, दाराचे कार्ड-यंत्र त्याच पत्त्यांच्या यंत्रणेला विचारून उघडते. दुरुस्तीची वाट दुरुस्त करायच्या वस्तूवर अवलंबून नाही, ही अपेक्षा एका वाक्यात लिहिता येते. ती तपासण्यासाठी मात्र राउटर, सर्व्हर, करार, इमारती आणि माणसे या सर्वांना एकाच प्रतिमानात बसवावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी माहिती आज कोणत्याही एका विभागाकडे नाही. रॉजर्सने घटनेनंतर व्यवस्थापनाचे नेटवर्क भौतिकदृष्ट्या वेगळे केले. हा उपाय बरोबर असला तरी तो खर्चिक आहे, आणि त्या वेगळ्या नेटवर्कची स्वतःची अवलंबने कोण तपासणार हा प्रश्न त्याने तसाच ठेवला आहे.